सहा बुधवारांची दाढ

मी दुसऱ्यांच्या दवाखान्यात जाऊन दुसऱ्यांच्या पेशंटच्या दातांची मुळं भरतो. सोमवारी भुसावळ, मंगळवारी चोपडा, बुधवारी धुळे, गुरुवारी एरंडोल, आणि उरलेले दोन दिवस जळगाव, जिथे माझं घर आहे पण दवाखाना तिथेही नाही. माझी एक बॅग आहे. पाट्यांवर नाव मात्र सगळीकडे आहे, खालच्या ओळीत: 'रूट कॅनल तज्ज्ञ डॉ. योगराज भारंबे, दर बुधवारी.' धुळ्याच्या पाटीवरचं 'भारंबे' उन्हानं उडून गेलं आहे. त्यामुळे तिथे मी योगराज आणि बुधवार एवढाच उरलो आहे.

या कामात पेशंट आपला नसतो. दाढ ठणकते तेव्हा तो दवाखान्याच्या डॉक्टरकडे येतो. ते सांगतात, बुधवारी मोठे सर येतात. बुधवारी मी येतो, दाढ उघडतो, साफ करतो, भरतो आणि जातो. वरची टोपी दवाखान्याचे डॉक्टर बसवतात. पुढे ती दाढ टिकली का, माणूस त्या बाजूनं जेवतो का, हे मला कोणी कळवत नाही. पेशंट बाजारात समोरून आला तरी मला ओळखत नाही, कारण त्यानं मला फक्त खालून पाहिलेलं असतं, तेही मास्कमध्ये आणि दिव्याच्या मागे. मी त्याला ओळखतो, पण त्यानं जांभई दिली तरच.

घरी मी एकटा असतो. यात दुःखद असं काही नाही, नूतन पुण्याला आहे. चार वर्षांपूर्वी मुलीचं इंजिनिअरिंग सुरू झालं तेव्हा तिच्या जेवणाची आबाळ नको म्हणून नूतन तिच्याबरोबर गेली. मुलगी आता नोकरीला लागली, तिला जेवण ऑफिसातच मिळतं. नूतन अजून तिथेच आहे. भांडण वगैरे नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, गॅस बंद केला का, टाकी भरली का. तिन्हींचं उत्तर हो असतं, त्यामुळे फोन लांबत नाही.

आता थोडं कामाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. दाताच्या मुळात बारीक पोकळी असते. ती घासून-धुऊन साफ करायची, औषधानं निर्जंतुक करायची, आणि मग तिच्यात गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाची गुलाबी काडी बसवायची. काडी कितीही बरोबर बसली तरी ती आणि मुळाची भिंत यांच्यात केसाएवढी फट राहतेच. ती बुजवायला एक लेप लागतो, त्याला सीलर म्हणतात. दाढ वीस वर्षं जगणार की वीस महिने, हे बरंचसं त्या केसाएवढ्या फटीवर ठरतं, म्हणून आमच्या लोकांत सीलरवरून पक्ष आहेत. जुन्यांचा पक्ष लवंगतेलाचा: पांढरी पूड, तेलाचे थेंब, काचेवर घोटत बसायचं. त्यांच्या दवाखान्याला मसालेभाताचा वास येतो. मधल्यांचा पक्ष रेझिनचा, दोन ट्यूबमधून दोन सारख्या रेघा काढून कालवायचा. नव्यांचा पक्ष बायोसिरॅमिकचा. ते सिरिंजमध्ये तयारच येतं, कालवणं नाही, घोटणं नाही, नुसतं दाबायचं. मी मधल्या पक्षात आहे. पन्नाशीत माणूस बहुतेक बाबतींत मधल्या पक्षातच सापडतो.

धुळ्याचा दवाखाना डॉ. सदफ यांचा, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. एका कॉलेजात मी कधीकाळी त्यांना शिकवलं, त्यामुळे त्या मला सर म्हणतात आणि माझ्याशी वाद घालत नाहीत. दवाखान्यात दोन खुर्च्या आहेत. पुढच्या खुर्चीवर त्या आणि त्यांची मदतनीस काम करतात, मागच्या खोलीतल्या खुर्चीवर मी. मागच्या खोलीला दार आहे आणि ते कॉम्प्रेसरच्या आवाजामुळे लावून घ्यावं लागतं. जब्बारभाई मला त्या खोलीत भेटले.

बासष्ट वर्षांचे. हायवेवर, चाळीसगाव चौफुलीजवळ ट्रकांच्या गळक्या रेडिएटरची भोकं झाळून बुजवायचं त्यांचं दुकान. बोटांवर जुने भाजल्याचे डाग. खालची डावी दाढ ठणकत होती. उजव्या बाजूच्या खालच्या दाढा सात वर्षांपूर्वीच काढलेल्या, तिथे नुसती हिरडी.

"बठ्ठं जेवण, सगळंच्या सगळं, या एका बाजूला शे, डॉक्टरसाब," ते म्हणाले. "ही गेली तर मी पेज पिणारा माणूस झालो. हिला वाचवा. कवळी नको. बापाची कवळी लहानपणापासून ग्लासात पाहिली, तेवढी पुरे."

"वाचेल," मी म्हणालो. एक्स-रे बघून म्हणालो, उगाच नाही. दाढ चांगली होती. दोन मुळं, सरळ, रुंद. विद्यार्थ्यांना शिकवायला घ्यावी अशी.

पेशंट घाबरलेला असला की मी त्याला कामधंद्याचं विचारतो. "रेडिएटर कुठे गळतोय ते कसं कळतं?"

"हौदात बुडवायचा आणि हवा मारायची. बुडबुडा निघाला तिथं भोक. तुमचं कसं कळतं?"

"आमचं एक्स-रेवर. बुडबुडे निघत नाहीत."

"म्हणजे बाहेरून फोटो काढायचा आणि आत भरलं असंल असं मानायचं."

"साधारण तसंच."

"मग तुमचं काम अंदाजाचं शे," असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

पंचवीस वर्षांत माझ्या विषयाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं, आणि मी या विषयाच्या नऊ परिषदांना गेलो आहे.

काम करताना दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. पडद्यातून फक्त ती एक दाढ वर येते. पेशंटचं तोंड त्याच्याखाली बंदिस्त. त्याला ऐकू सगळं येतं, बोलता काही येत नाही. बहुतेक डॉक्टर अशा वेळी गाणी लावतात. मी काही लावत नाही. त्या दिवशी मी पहिली सुई आत घातली आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणालो, "आज सकाळी भाकरी करपली."

"आं," जब्बारभाई म्हणाले.

त्या 'आं'मध्ये काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण ते डोळे उघडे ठेवून म्हटलेलं होतं. मी भाकरीचं पुढचं सांगितलं. मग तव्याचं. मग तवा नूतनच्या आईनं दिलेला, हे सांगितलं. पंचेचाळीस मिनिटांनी पडदा काढला तेव्हा मी पुण्यापर्यंत पोहोचलो होतो. आत औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि म्हणालो, पुढच्या बुधवारी भरून टाकू.

जब्बारभाईंनी जबडा हलवून पाहिला. "एकच भाकरी करता?"

"दीड."

"अर्ध्या भाकरीसाठी तवा तापवायचा म्हणजे अवघड शे," ते म्हणाले, आणि गेले. त्या बुधवारी जळगावला परतताना एरंडोल कधी मागे गेलं ते कळलं नाही.

दुसऱ्या बुधवारी मी बोलायचं ठरवून गेलो होतो. सांगायचं होतं भरताचं. आमच्याकडे भरीत एका माणसाचं होत नाही. हिवाळ्यात शेतात पंचवीस-तीस माणसं जमतात, काट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. यंदा मला कोणी बोलावलं नव्हतं. मुद्दाम नव्हे. ज्यांच्या शेतात व्हायचं ते समजले मी पुण्याला गेलो आहे. म्हणून मी बाजारातून एक वांगं आणलं. वांगेवाली एक वांगं द्यायला तयार नव्हती. ती म्हणाली, एका वांग्याचं काय करशील भाऊ, दृष्ट काढशील का. मी तीन घेतली, गॅसवर भाजली, स्वयंपाकघरात धूर केला, आणि तेच भरीत चार दिवस खाल्लं.

हे मी सांगत होतो आणि हात आपलं काम करत होते. आधीचं औषध धुऊन काढलं. मग कागदाच्या वाती घातल्या. मूळ भरण्याआधी त्यात कागदाची सुईसारखी बारीक वात घालून बघतात. ओली निघाली तर अजून काम आहे. कोरडी निघाली की सीलर कालवायचा आणि भरून टाकायचं. दोन मुळांत मिळून तीन पोकळ्या, तिन्हींतल्या वाती कोरड्या निघाल्या. पांढऱ्या, सरळ, डब्यातून काढल्या तशा.

त्या वेळी गोष्टीत मी वांगेवालीपाशी होतो. अजून भाजायचं होतं, धूर व्हायचा होता, चार दिवस खायचं होतं. मी वाती ट्रेमध्ये ठेवल्या आणि म्हणालो, "अजून ओल आहे."

"आं," जब्बारभाई म्हणाले.

मी परत औषध भरलं. परत सिमेंट. पडदा काढल्यावर ते म्हणाले, "चार दिवस एकच भरीत? मोहल्ल्यात वाटायचं ना."

"मोहल्ला नाही. अपार्टमेंट आहे."

"मग वाटायला सोपं. एकच जिना."

मी हसलो. मला वाटतं, त्या महिन्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या बुधवारी अजून ओल होती. चौथ्या बुधवारीही. मी त्यांना नूतनचे तीन प्रश्न सांगितले. मुलगी माझ्या मेसेजला अंगठा पाठवते, हे सांगितलं. चोपड्याला पेशंट नसतात तेव्हा मी गाडीत बसून डबा खातो, हेही. कोणत्या वारी कुठे असतो, सगळं सांगितलं. त्यांच्याकडून मला पडदा लावण्याआधीची दहा मिनिटं आणि काढल्यानंतरची दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात त्यांचं घर मला कळलं. बायको वारलेली. मोठा मुलगा उमर सुरतेला, धाकटा साकिब जवळ, घरात एकूण अकरा माणसं. "बोलायला नंबर लागतो," ते म्हणाले. "माझा नंबर येईपर्यंत मी काय बोलणार होतो ते विसरतो."

दर वेळी ते ट्रेकडे बघून विचारायचे, "अजून ओल?" आणि मी म्हणायचो, "थोडी."

यात काय चुकत होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. मीच ते शिकवलेलं आहे. आतून पोखरलेली दाढ म्हणजे वरून दाढ आणि आतून पेला. ती लवकर भरून तिच्यावर टोपी बसवावी लागते. तोपर्यंत तिच्यावर चावायचं नाही. जब्बारभाईंना मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्या बाजूनं जेवा. त्यांनी उजव्या बाजूच्या हिरडीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं होतं. मी तो विषय तिथेच सोडला होता.

पाचव्या बुधवारी जब्बारभाई पडद्याखाली होते आणि वाती काढून ठेवून मी हात धूत होतो, तेव्हा सदफ मॅडम आत आल्या. "सर, जब्बारचाचांचं आज होईल ना? टोपीचं माप घ्यायचं राहिलंय."

"ओल आहे अजून."

"मग बायोसिरॅमिक वापरू या. त्याला थोडी ओल लागतेच, ओलीतच ते घट्ट होतं. मी मागवून ठेवलंय." आणि त्यांनी सिरिंजचं खोकं माझ्या ट्रेशेजारी ठेवलं.

मी खोक्याकडे बघत राहिलो. आमच्या शास्त्रानं इतकी प्रगती केली होती की माझ्याकडे सबब उरली नव्हती.

"नवीन आहे," मी म्हणालो. "आधी नीट वाचावं लागेल."

या पदार्थावर मी जळगावला दोन व्याख्यानं दिली आहेत. त्यांतल्या एका व्याख्यानाला सदफ मॅडम पहिल्या रांगेत होत्या, वही घेऊन. त्यांनी फक्त ट्रेमधल्या वाती पाहिल्या.

"पुढच्या बुधवारी नक्की," मी म्हणालो. आणि खरंच नक्की होतं. परतताना मी गाडीत स्वतःला तसं बजावलं. पुढच्या बुधवारी भरायचं, टोपीला पाठवायचं, संपवायचं. सांगण्यासारखं तरी अजून काय उरलं होतं. एक टपरी उरली होती: परतताना चहाला थांबतो तिथला टपरीवाला मला चार वर्षं सेल्समन समजतो, आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही.

मंगळवारी दुपारी चोपड्याला असताना सदफ मॅडमनी फोनवर एक्स-रे पाठवला. खाली लिहिलं होतं, 'चाचा आत्ता आले होते.' पुढच्या मुळातून वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ गेली होती. ती बघायला भिंग लागत नव्हतं.

बुधवारी मी पोहोचलो तेव्हा जब्बारभाई मागच्या खोलीत बसलेलेच होते. सदफ मॅडमनी मला पुढच्या खोलीतच थांबवलं आणि दार ओढून घेतलं.

"काय खात होते?" मी विचारलं.

"खिचडी."

"खिचडी?"

"खिचडी आणि कढी." त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळल्या. "सर, आपण खडा आला असेल असं सांगू. तांदळात खडा असू शकतो. चाचा काही बोलणार नाहीत."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. शिक्षकाला वाचवताना चांगला विद्यार्थी जसा फळ्याकडे बघतो, तशा त्या कॅलेंडरकडे बघत होत्या. सगळं सोपं होतं. मी आत जायचं, खडा म्हणायचं, आणि उरलेल्या दाढेचं काय ते बघायचं. माझ्या कामात रोज कोणी ना कोणी खड्यावर काही ना काही ढकलत असतं.

मी आत गेलो, स्टूल ओढलं आणि बसलो. तोंडाला मास्क नव्हता, समोर पडदा नव्हता.

"जब्बारभाई, दाढ दुसऱ्याच बुधवारी कोरडी झाली होती."

हे मी शौर्यानं म्हणालो असं कोणी समजू नये. या माणसाला सगळं सांगायची मला सवय लागली होती. दुसरं काही सुचलंच नाही.

"माले माहीत शे," जब्बारभाई म्हणाले.

"कसं?"

"वात काढून तुम्ही माझ्या नाकासमोर ठेवत होते. चाळीस वर्षं मी हौदातून रेडिएटर काढून पुसतो. कोरडं काय असतं ते कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी म्हटलं, यांना आत काही दिसत असंल. शिकलेला माणूस शे, यंत्र लावून बघतो. आपल्याला वातीपुरतं दिसतं." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "काय दिसत होतं?"

"काही नाही."

"मग?"

कॉम्प्रेसर सुरू झाला. तो बंद होईपर्यंत थांबता आलं असतं, पण तो चार मिनिटं चालतो.

"मला बोलायचं होतं," मी म्हणालो.

ते मोठ्यानं म्हणावं लागलं. बहुधा पुढच्या खोलीतही गेलं असेल.

कॉम्प्रेसर थांबल्यावर जब्बारभाई म्हणाले, "बोलायचं होतं तर दुकानावर यायचं होतं. चौफुली काय लांब शे. दिवसाला दहा जण येऊन बसतात माझ्याकडे, एकाचाही रेडिएटर बिघडलेला नसतो."

हे मला सुचलं नव्हतं. सहा आठवड्यांत एकदाही नाही. दर बुधवारी मी त्या चौफुलीवरून जाताना आणि येताना गाडी हळू केली होती, कारण तिथे गतिरोधक आहे.

"खोट्यात मीही असतो कधी," ते पुढे म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त ऐकू येत होता. "मी सांगतो गिऱ्हाइकाला, पार्ट आला नाही, दोन दिवस लागतील. खोटं सांगतो. काम जास्त असतं, कधी अंगात कंटाळा असतो. पण गाडी माझ्या दारात उभी असते, डॉक्टरसाब. किल्ली माझ्या खिशात असते. अर्धं झाळलेलं रेडिएटर लावून मी कोणाला घाटात पाठवत नाही. तुम्ही माले पाठवलं. चार वेळा."

मी दिलगिरीचे दोन-तीन शब्द बोललो. ते छापील वाटले, म्हणून थांबलो.

"आते काय उरलं ते सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. पुढचं मूळ चिरलं आहे, ते जाणार. मागचं शाबूत आहे. मागचं मूळ आज भरून घ्यायचं, मग दाढ मधोमध कापायची, पुढचा अर्धा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर छोटी टोपी बसवायची. आधीसारखं चावता येणार नाही, पण पेज प्यायची वेळ येणार नाही. किती वर्षं चालेल ते मात्र मी सांगू शकत नाही.

"अर्धी तर अर्धी. भरणार कशानं?"

एरवी हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी सांगत नाही. त्यांना मी दोन्ही सांगितलं. ट्रेवर दोन्ही ठेवलं. एका बाजूला माझ्या दोन ट्यूब, दुसऱ्या बाजूला सदफ मॅडमची सिरिंज. रेझिन चिकटतं चांगलं, मी वीस वर्षं तेच वापरतो, माझा हात त्यावर बसला आहे. आणि उद्या काही बिघडलं, मुळाशी पू झाला, तर ते खरवडून काढता येतं आणि परत भरता येतं. बायोसिरॅमिक बारीक फटीत जास्त चांगलं जातं, शरीर त्याला परकं मानत नाही, राहिलेली ओल असेल तर ती त्यात जिरते. पण एकदा घट्ट झालं की दगड. परत आत शिरायचं म्हटलं तर वाट मिळेलच असं नाही. तेव्हा मग मूळच काढावं लागतं.

"तुमचं मत?"

"तुमच्याकडे एकच मूळ उरलंय. मी म्हणेन, उघडता येईल असं भरू."

"उघडायची वेळ आली तर उघडणार कोण?"

"मीच."

जब्बारभाईंनी ट्रेकडे पाहिलं. बोटानं सिरिंज माझ्याकडे सरकवली.

"मग हे भरा," ते म्हणाले.

मी पडदा लावला. आधीच्या पाचही वेळा पडदा लावल्यावर त्यांचे डोळे उघडे असायचे. या वेळी त्यांनी ते मिटून घेतले. झोपलेल्या माणसाचे नसतात तसे, घट्ट.

मी औषध धुतलं. वाती घातल्या, कोरड्या निघाल्या. सिरिंजची बारीक नळी मुळात उतरवली आणि हळूहळू मागे घेत पांढरा लेप सोडला. मग काडी. ती एकदाच घातली आणि ती तळापर्यंत गेली, अर्धा मिलिमीटरही इकडे-तिकडे नाही. वरचा भाग तापवून कापला, दाबला, सिमेंट लावलं. याला वीस मिनिटं लागली. एवढंच लागतं. मला टपरीचं सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. मध्येच एकदा पाण्याची नळी त्यांच्या गालाला लागली तेव्हा मी "सॉरी" म्हणालो. त्यावर "आं" आलं नाही.

एक्स-रे उत्तम आला. परिषदेत दाखवावा असा. एका मुळात शुभ्र, एकसंध रेघ, तळापर्यंत. दुसऱ्या मुळात ती काळी रेघ.

सदफ मॅडमनी एक्स-रे पाहून मान हलवली. मग वही उघडून त्या जब्बारभाईंना म्हणाल्या, "चाचा, पुढचा तुकडा आठ दिवसांत काढून घेऊ. पुढच्या बुधवारी या, सर पण असतील, काही लागलं तर."

"बुधवार नको, बेटा. गुरुवार दे."

"गुरुवारी सर एरंडोलला असतात."

"माहीत शे. त्यांनीच सांगितलं," जब्बारभाई म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढून घातला, चिठ्ठीवरची तारीख वाचली, आणि मला हात कपाळापर्यंत नेऊन सलाम केला. दवाखान्यात येणारा कोणीही निघताना करतो तसा. आमच्यात तो आधी नव्हता.

पुढची पेशंट सोनगीरहून आली होती, भिकुबाई नावाची. तिला पुढचा दात भरून हवा होता आणि साडेपाचची एसटी गाठायची होती. एकच मूळ, वात पहिल्याच वेळी कोरडी निघाली. मी लगेच भरून टाकलं. तिची एसटी चुकली नाही. सगळं मिळून पस्तीस मिनिटं लागली, आणि त्यात मी "उघडा" आणि "मिटा" याशिवाय काही बोललो नाही.